डोडीतालला जायचं, पण कुणाच्या चालीनं?

ठाण्याच्या एका ताईंचं पत्र आलंय. घरात त्या, नवरा, तेरा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि सदुसष्ट वर्षांच्या सासूबाई. नवरा कॉलेजपासून सह्याद्रीत भटकलेला. अलीकडे नोकरीमुळे ते सुटलंय. येत्या मे महिन्यात सगळ्यांनी मिळून उत्तरकाशीजवळच्या डोडीताल या तळ्यावर जायचं, आपापली सॅक आपापल्या पाठीवर, पोर्टर नाही, गाइड नाही, असा त्याचा बेत. पहिल्या दिवशी संगमचट्टीहून चालत बेबऱ्याला मुक्काम, दुसऱ्या दिवशी तळं, तिसऱ्या दिवशी थेट खाली संगमचट्टी, चौथ्या दिवशी संध्याकाळी डेहराडूनहून विमान. सासूबाई हरखल्यात, कारण गणपतीचा जन्म तिथे झाला अशी श्रद्धा आहे आणि त्यांना तळ्याकाठी अथर्वशीर्षाची आवर्तनं करायची आहेत. मुलाला तळ्यात पोहायचंय. मुलगी म्हणते, मला यायचंच नाही. ताईंना धास्ती विरळ हवेची, थंडीची आणि सासूबाईंच्या बीपीची. काही बोलायला गेलं की नवरा म्हणतो, “आई लेण्याद्री न थांबता चढली, पोरं कळसूबाई करून आली, तूच कशाला मोडता घालतेस?” त्या विचारतात: मी ठाम नाही म्हणू? की तोंड मिटून सोबत जाऊ? की सासूबाईंना घेऊन मी घरी थांबू आणि बापलेकरांना पाठवून देऊ?

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात एक वाक्य ओघात येऊन गेलंय: सासूबाई रोज सकाळी मासुंदा तलावाला फेऱ्या मारतात. नवरा सध्या रोज किती चालतो, याबद्दल मात्र चार पानांत एक ओळ नाही. तुम्ही स्वतः किती चालता, तेही नाही. काळजी सगळी सासूबाईंच्या नावावर जमा. मला तर वाटतं, आज तुम्हा पाच जणांना सपाटीवर दहा किलोमीटर चालायला लावलं, तर त्या बाई पहिल्या दोघांत येतील. पंधरा वर्षांपूर्वीचा हरिश्चंद्रगड पायात साठून राहत नाही, रोजच्या फेऱ्या मात्र राहतात. त्यांच्या बीपीचा प्रश्न खरा आहे, पण तो डॉक्टरांचा आहे. डोडीताल तीन हजार मीटरच्या वर आहे, तिथे रोज पाच-सहा तास चालायचंय, हे आकड्यांसकट त्यांच्या डॉक्टरांना सांगा आणि ते काय म्हणतात ते घरात सगळ्यांसमोर येऊ द्या. तुम्ही म्हणालात की तो मोडता होतो, डॉक्टर म्हणाले की तो सल्ला होतो. घराघरांत हे असंच चालतं, त्याचा फायदा घ्यायला हरकत नाही.

आता बेताकडे येते. तुम्हाला भीती वाटते ती उंचीची. मला तुमच्या नवऱ्याच्या आराखड्यात सगळ्यात जास्त खटकला तो तिसरा दिवस. तळ्यापासून संगमचट्टीपर्यंत वीस किलोमीटरहून थोडं जास्तच अंतर आहे आणि दीड हजार मीटरच्या आसपास उतार. आठ वर्षांचा मुलगा पहिले दहा किलोमीटर पळत उतरेल. पुढचे पाच किलोमीटर रडेल. उरलेल्या पाचांत त्याला कुणीतरी पाठुंगळीला घेतलेलं असेल, आणि ज्याने घेतलंय त्याच्या पुढ्यात त्याची स्वतःची सॅकही असेल. चढताना दम लागतो, तो बसल्यावर जातो. उतरताना गुडघे जातात, आणि ते बसून परत येत नाहीत. त्यात दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं विमान. उत्तरकाशी ते डेहराडून अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, नकाशावर काहीच वाटत नाही, पण घाटातला रस्ता आहे, सहा-सात तास धरावेच लागतात. आणि मे महिना म्हणजे ऐन चारधामचा हंगाम. अक्षय तृतीयेला गंगोत्री-यमुनोत्रीची कपाटं उघडली की त्या रस्त्यांवर गाड्यांची रांग लागते. एखादी दरड आली की रांग तिथेच मुक्कामाला.

उंचीबद्दल तुमची धास्ती पोकळ आहे असं म्हणायचं नाही. तिला योग्य जागी बसवू या. कळसूबाई 1,646 मीटर, महाराष्ट्रात त्याच्या वर काही नाही. डोडीतालच्या वाटेवर आगोडा नावाचं गाव लागतं, जिथे लोक शेती करतात, पोरं शाळेत जातात, ते गावच कळसूबाईच्या माथ्याहून सहाशे-एक मीटर उंच आहे. म्हणजे ‘पोरं कळसूबाई करून आली’ हा दाखला आगोड्याच्या पहिल्या घरापाशी संपला. पुढचं शरीराला नवीन आहे. साधारण 2,500 मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो. जो रोज जिमला जातो त्यालाही होतो, आणि त्याच्या शेजारी बसून शेंगदाणे खाणाऱ्या आजीबाईंना होत नाही. अंगात ताकद किती, याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. आपण किती भराभर वर गेलो, याच्याशी मात्र नक्की आहे. तीन हजारांच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, असा डोंगरातल्या डॉक्टरांचा सर्वसाधारण नियम. डोडीताल त्या सीमेवरच आहे, त्यामुळे हिमालयातल्या इतर तळ्यांच्या मानाने ते सौम्य. तुमच्या नवऱ्याने जागा वाईट निवडलेली नाही. दिवस कमी निवडलेत.

त्रास ओळखायचा कसा? मोठी माणसं सांगतात: डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण नको, झोप लागत नाही. लहान मुलं सांगत नाहीत. आठ वर्षांचा मुलगा चिडचिडा होईल, खेळायचा थांबेल, आवडता लाडूसुद्धा नको म्हणेल. खाली घरी अशा वेळी आपण ‘नाटकं करू नकोस’ म्हणतो. वर गेल्यावर हे वाक्य बंद. मूल कुरकुरलं की आधी उंचीचा संशय घ्यायचा, नाटकाचा नंतर. लक्षणं असताना आणखी वर जायचं नाही. वाढत असतील तर खाली यायचं, आणि बसल्या जागी धाप लागत असेल किंवा चालताना तोल जात असेल, तर सकाळची वाट न बघता यायचं. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्सच्या गोळ्यांबद्दल व्हॉट्सअॅपवर सगळे बोलतात. त्या कुणाला चालतात, कुणाला नाहीत, हे डॉक्टरच ठरवतील, विशेषतः सल्फाच्या औषधांची अॅलर्जी असेल तर. दुकानातून आणून सगळ्यांना एकेक वाटायचा तो चिवडा नव्हे.

आता वजन. ‘पोर्टर घेतला तर ट्रेक कसला’ हे मी अनेक बापांकडून ऐकलंय आणि त्यात कुठेतरी चांगली इच्छा असते, हेही जाणून आहे. पण हिशेब करू या. पाच माणसांच्या स्लीपिंग बॅगा, दोन तंबू, कॅरीमॅट, गरम कपडे, चार दिवसांचा शिधा, स्टोव्ह, भांडी, औषधं, पाणी. कितीही काटछाट केली तरी चाळीस किलोच्या पुढे जातं. मुलाच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त देऊ नका, म्हणजे अडीच किलो: त्याचं जॅकेट, पाण्याची बाटली, शिट्टी, खाऊ. मुलगी चार-पाच किलो घेईल. सासूबाईंच्या पाठीवर शाल आणि पोथी. उरलेलं तीसच्या वरचं ओझं तुम्हा दोघांवर, म्हणजे प्रत्येकी पंधरा-सोळा किलो, आणि ते घेऊन मुलाचा हात धरायला, सासूबाईंना आधार द्यायला कोण मोकळं राहिलं? कुणीच नाही. आपण सह्याद्रीत राजमाचीला गेलो की गावात पिठलं-भाकरी खातो, वाटाड्या घेतो, तेव्हा ट्रेक बाटला असं कुणी म्हणत नाही. आगोड्याची माणसं, त्यांची खच्चरं याच वाटेवर पोट भरतात. एक खच्चर आणि वाट माहीत असलेला एक माणूस घेतला तर तुमचे चार हात मोकळे होतात. वर काही झालंच, तर निरोप घेऊन खाली पळणारं कुणी असतं, कारण आगोड्याच्या पुढे मोबाइलला रेंज नाही असंच धरून चालावं.

आणि आता तुमची मुलगी. पत्रात तिला तुम्ही दीड ओळ दिलीत: ‘तिला मोबाइल सुटत नाही म्हणून यायचं नाही, असं हे म्हणतात.’ तुम्ही काय म्हणता? मी तिला ओळखत नाही, त्यामुळे हा निव्वळ अंदाज आहे, पण तेराव्या वर्षी मुलगी ‘मला यायचंच नाही’ म्हणते आणि कारण सांगत नाही, तेव्हा मोबाइलच्या आधी मला पाळी आठवते. चार दिवस बाथरूम नाही. तंबूत भाऊ, बाबा. वाटेवर आडोसा कुठे मिळेल माहीत नाही. आणि टोकाला गणपतीचं देऊळ, सोबत आवर्तनं करणाऱ्या आजी. तेव्हाच आली तर? हे सगळं तिने तिच्या परीने मोजलेलं असेल आणि बाबांसमोर कसं बोलायचं म्हणून नुसतं ‘नाही’ म्हटलं असेल. तिला एकटीला घेऊन बसा. कारण हे असेल तर सोय करता येते: तिच्यासाठी तुमच्यासोबत वेगळा तंबू, एक घट्ट झाकणाचा डबा, त्यात जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे आणि झिप लावायच्या पिशव्या, म्हणजे वापरलेले पॅड गुंडाळून खाली परत आणता येतील. तिथे पुरायचे नाहीत, जाळायचे तर मुळीच नाहीत. आणि देवळाचं काय, हे सासूबाईंशी तुम्ही निघण्याआधी बोला. त्यांनी घरी काही पाळायचं ठरवलं असेल तर तो त्यांचा प्रश्न, पण थंडीत कुडकुडणाऱ्या नातीला देवळाबाहेर एकटं उभं करायचं नाही, एवढं त्यांच्याकडून आधी कबूल करून घ्या. बहुतेक आज्या ऐकतात, नातीसाठी तर लगेच. कारण दुसरंच निघालं, तिला खरोखरच मैत्रिणींसोबत राहायचं असेल, तर तेही ऐका. तेरा वर्षांच्या मुलीला ओढत नेलेला डोंगर ती पुढे आयुष्यभर टाळते, अशी उदाहरणं माझ्या ओळखीत आहेत.

नवऱ्याबद्दल तुम्ही रागाने लिहिलंय आणि राग बरोबर आहे. तरी एक विचारते. मुलगी दहावीला जायच्या आत, आईचे पाय चालताहेत तोवर, सगळ्यांना एकदा डोंगरात न्यावं, अशी घाई त्याला झाली असेल का? त्याचं वय तुम्ही लिहिलं नाहीत, पण चाळिशीतल्या जुन्या ट्रेकरना ही कळ येते. ती आली की माणूस तीन दिवसांत सगळं बसवायला बघतो. त्याला ‘तुझा बेत चुकलाय’ म्हटलं की तो कळसूबाई काढणार. ‘बेत मला आवडलाय, तीन दिवसांत मात्र मला तो पुरणार नाही’ म्हणून बघा. हे खरंही आहे ना? तुम्हाला जायचंच नाही, असं मला पत्रात कुठे सापडलं नाही. तळ्याबद्दल तुम्ही जे लिहिलंय, देवदार, ओक, पाण्यातले ट्राउट मासे, ते सगळं नवऱ्याने सांगितलेलं नाही, तुम्ही शोधून काढलेलं दिसतंय.

म्हणून तुमच्या तीन पर्यायांपैकी एकही मला पटत नाही. ‘ठाम नाही’ म्हणालात तर पुढची दहा वर्षं प्रत्येक सुट्टीत ते ऐकून घ्यावं लागेल. तोंड मिटून गेलात तर वर काही बिनसल्यावर तेच तोंड उघडेल, आणि तीन हजार मीटरवर नवरा-बायकोचं भांडण मुलांना फार ऐकू येतं, तिथे दुसरा आवाजच नसतो. तिसरा पर्याय सगळ्यात सोज्वळ दिसतो आणि मला तोच सगळ्यात नापसंत. सासूबाई थांबणार असतील तर त्यांच्यासोबत थांबायचं ते तुम्हीच का? आई त्याची आहे. तो आगोड्यात आईजवळ थांबला आणि वाटाड्याला घेऊन तुम्ही मुलांसह तळ्यावर गेलात, असा पर्याय तुमच्या पत्रात उमटतसुद्धा नाही. करा असं म्हणत नाही. पण एकदा जेवताना सहज बोलून बघा, बेतातल्या बऱ्याच गोष्टी आपोआप लवचिक होतील.

मी असते तर बेत असा आखला असता. डेहराडूनहून उत्तरकाशी, मुक्काम. दुसऱ्या दिवशी सॅका खोलीवर ठेवून गाडीने चौरंगीखाल, उत्तरकाशीपासून तीस किलोमीटरच्या आत. तिथून तीन-एक किलोमीटर सोप्या जंगलवाटेने नचिकेता ताल. हे तळं 2,400 मीटरच्या वर आहे, म्हणजे शरीराला उंचीची ओळख होते, बुटांची परीक्षा होते, मुलाला एक तळं लगेच मिळतं आणि सासूबाई किती सहज चालतात हे कुणी कुणाला न सांगता सगळ्यांना दिसतं. संध्याकाळी उत्तरकाशीतला विश्वनाथ. नेहरू गिर्यारोहण संस्था याच गावात आहे, 1965 सालची. मुलीला तिथलं संग्रहालय बघायला आवडेल. तिसऱ्या दिवशी संगमचट्टीहून फक्त आगोड्यापर्यंत, पाच-सहा किलोमीटर. गाडीरस्ता सध्या कुठवर पोचलाय, हे आदल्या दिवशी उत्तरकाशीत विचारा. चौथ्या दिवशी बेबरा ओलांडून मांझी. बेबऱ्यानंतरचा चढ छातीवर येतो, तो सकाळच्या उन्हाआधी संपवायचा. मांझीला गुराख्यांच्या छान्या आहेत, म्हणजे हंगामी झोपड्या. पाचव्या दिवशी सकाळी चार-पाच किलोमीटर चालून तळं, आणि पूर्ण दुपार मोकळी. सासूबाईंची आवर्तनं एकवीस होऊ देत नाहीतर एक्कावन्न. सहाव्या दिवशी आगोडा, सातव्या दिवशी उत्तरकाशी, आठव्या दिवशी डेहराडून.

आठ दिवस. नवरा म्हणेल, एवढी रजा नाही. मग डोडीताल नको, एवढं सरळ आहे. चार दिवसच असतील तर नचिकेता ताल करा आणि एक रात्र आगोड्यात राहून या. किंवा उखीमठजवळच्या सारी गावातून देवरियाताल करा: अडीच-तीन किलोमीटरचा चढ, उंची 2,400 मीटरच्या आसपास, समोर चौखंबा पर्वत, आणि हवा स्वच्छ असेल तर त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब. यक्षाने युधिष्ठिराला प्रश्न विचारले ते याच तळ्याकाठी, असं तिथले लोक सांगतात. गणपतीचा जन्म नाही, पण आजीला नातवंडांना सांगायला गोष्ट भरपूर मोठी आहे. (जन्माचंही लेण्याद्रीकर ऐकून घेणार नाहीत, गिरिजात्मज तिथेच बसलाय.) पत्र पाठवणाऱ्या इतर वाचकांना, ज्यांची मुलं पाच-सहा वर्षांच्या आतली आहेत, त्यांनाही मी देवरियातालच सुचवते. तंबू कुठे लावता येतो, परवानगी कुठून काढायची, हे मात्र त्या त्या वनखात्याला ताजं विचारा. 2018 साली उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्याळांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्री मुक्काम करायला मनाई केली. त्यामुळे जुने फोटो बघून ‘इथे तंबू टाकू’ असं ठरवण्यात अर्थ नाही.

मे की दिवाळी? मे महिन्यात शाळेची सुट्टी सोयीची, पण रस्त्यावर गर्दी आणि दुपारनंतर ढग, कधी गारा. दिवाळीच्या सुट्टीत आकाश स्वच्छ असतं. अन्नकूटाला गंगोत्री आणि भाऊबीजेला यमुनोत्री बंद होते, त्यामुळे रस्ते मोकळे होत जातात. थंडी मात्र जास्त, रात्री शून्याच्या आसपास. मला दिवाळी बरी वाटते, पण लक्ष्मीपूजन घराबाहेर करायची सासूबाईंची तयारी आहे का, ते तुम्हीच जाणे. जुलै-ऑगस्ट कुणी सुचवलं तर हात जोडा. 2012 च्या ऑगस्टमध्ये डोडीतालच्या वाटेवरच्या अस्सीगंगा नदीच्या खोऱ्यात पुराने हाहाकार केला होता.

जायचं मेमध्ये असो वा दिवाळीत, त्याआधी राजमाची करा. लोणावळ्याकडून, उढेवाडीपर्यंत, साधारण पंधरा किलोमीटर, बरीचशी सपाट वाट. थंडीच्या दिवसांत, पाचही जणांनी, आणि जे ओझं डोडीतालला घेऊन जायचं म्हणताय तेच ओझं पाठीवर घेऊन. गावात रात्र काढा, दुसऱ्या दिवशी तसंच परत. पोर्टर हवा की नको, हा वाद तुम्हाला घालावा लागणार नाही, ढाकच्या डोंगरासमोरच्या वळणावर कधीतरी नवरा स्वतःच तो काढेल. बूट कुणाला चावतात, रात्री कोण घाबरतं, अंधारात मुलीला आडोशाला जायला कुणाची सोबत हवी असते, हे सगळं तिथे कळतं, आणि तिथून घर दोन तासांवर असतं.

सगळ्यात महत्त्वाचं मी मुद्दाम मागे ठेवलं. निघायच्या आधी, घरात, चहा पिताना एक गोष्ट ठरवा: ‘परत फिरू या’ हे म्हणायचा हक्क पाचही जणांना आहे, आठ वर्षांच्या मुलालासुद्धा, आणि कुणी म्हटलं की त्यावर वाद होणार नाही. किमान अर्धा तास थांबायचं, गरम काहीतरी प्यायचं, मग पुन्हा विचारायचं. उत्तर तेच असेल तर फिरायचं. नवरा म्हणेल, पोरगं दर किलोमीटरला म्हणेल. पहिल्या दिवशी म्हणेलही. आपलं खरंच ऐकतात हे कळल्यावर त्याचं म्हणणं कमी होतं. आणि वाटेवर सगळ्यात हळू चालणारं माणूस सगळ्यात पुढे, नवरा सगळ्यात मागे. पुढे पळून जाऊन खिंडीत कमरेवर हात ठेवून वाट बघणारा ट्रेकर आपण सगळ्यांनी पाहिलाय. मागचे धापा टाकत पोचतात तेव्हा याची विश्रांती झालेली असते, तो उठतो, आणि ज्यांना बसायची गरज आहे ते न बसताच निघतात. मुलगा आणि आजी पुढे असले की असं होत नाही. दुपारी दोनच्या आत मुक्काम, जिथे असाल तिथे.

खाण्याचं तुम्ही शेवटी विचारलंय. तीन हजार मीटरवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून तुरीची डाळ उघड्या पातेल्यात तासभर शिजवली तरी दातांखाली येते. छोटा कुकर न्या, नाहीतर मुगाची डाळ आणि बारीक तांदूळ. मेतकूट, तूप, लिंबाचं लोणचं, भाजलेल्या रव्याचं उपम्याचं मिश्रण, गूळ-शेंगदाण्याचे लाडू. वर गेल्यावर भूक मरते, तेव्हा ओळखीची चव उपयोगी पडते. पाकिटातला पास्ता मुलं घरी खातात, तिथे खातीलच असं नाही. पाणी ओढ्याचं, कितीही काचेसारखं दिसलं तरी उकळून. शौचाला पाण्यापासून निदान साठ-सत्तर मीटर लांब, वीतभर खड्डा, वर माती. तळ्यात साबण नाही, आणि मुलाला आधीच सांगून ठेवा की पोहायचं नाही: पाणी इतकं गार असतं की पहिल्या डुबकीलाच श्वास अडकतो. ट्राउट काठावरून बघायचे. सुती बनियन-टीशर्ट भिजले की अंगावरच थंडी धरतात, ते ठाण्यातच राहू देत. लोकरीची टोपी प्रत्येकाला, झोपताना घालायला कोरडे मोजे वेगळे, आणि त्यांना दिवसा हात लावायचा नाही. स्टोव्हचे गॅसचे डबे विमानात सामानातही चालत नाहीत आणि हातातही नाहीत, ते तिकडेच घ्यायचे. पॉवर बँक उलट हातातल्याच पिशवीत.

राहिली तिकिटं. परतीचं विमान उत्तरकाशीहून निघाल्याच्या दिवशीचं घेऊ नका, डेहराडूनला एक रात्र ठेवा. म्हणजे दरड आली, मुलाला ताप आला किंवा सासूबाईंना मांझीला आणखी एक दिवस बसावंसं वाटलं, तर कुणी घड्याळाकडे बघणार नाही. आणि ही तिकिटं या वेळी तुम्ही काढा. ज्याच्या हातात तिकिटं, त्याच्या हातात दिवस.